घोटीत जेवायचं कुठे?

कसाऱ्याचा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून गाडी घोटीजवळ आली की मागच्या सीटवरून हा प्रश्न येतोच. घोटी काही खवय्यांचं गाव म्हणून ओळखलं जात नाही. इथे मुद्दाम जेवायला कुणी येत नाही, पण इथून जाताना बहुतेकांच्या पोटात कावळे ओरडत असतात. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो. सिन्नरमार्गे शिर्डीला जाणारा रस्ता इथेच फुटतो, भंडारदरा-कळसूबाईकडचा रस्ता इथूनच वळतो आणि वैतरणेच्या अंगाने त्र्यंबकेश्वरला जायचं तरी घोटीवरूनच. शिवाय मध्य रेल्वेचं स्टेशन आहे, बाजार समिती आहे, भाताच्या गिरण्या आहेत, आठवडे बाजार आहे. एवढी माणसं ज्या नाक्यावर येऊन मिळतात तिथे जेवणाची सोय होणारच. प्रश्न इतकाच, की त्यातली कोणती सोय आपल्या जिभेला आणि खिशाला परवडणारी.

इथे हॉटेलांच्या दोन जाती आहेत. एक महामार्गावरची: मोठी पाटी, प्रशस्त पार्किंग, बाहेर पानाची टपरी, आत एसीचा फॅमिली रूम. दुसरी पेठेतली: रस्त्यावरून दिसतही नाही, दाराशी सायकली आणि मोटरसायकली लावलेल्या, फळ्यावर खडूने थाळीचा दर. पहिल्या जातीतलं सगळं वाईट आणि दुसरीतलं सगळं चांगलं असं मुळीच नाही. महामार्गावरही मन लावून रांधणारे आहेत आणि पेठेतही पाणचट वरण मिळतं. पण दोघांचं गणित वेगळं आहे. महामार्गावरच्या हॉटेलात आलेलं कुटुंब आज शिर्डीला चाललंय, ते पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक. त्याला पाटीने आणि पार्किंगने थांबवायचं असतं. भाजीने त्याला परत आणायची गरज नसते. पेठेतल्या खानावळीत गिरणीतला हमाल, अडत्याकडचा दिवाणजी, बँकेतला बदलीवर आलेला कारकून आणि गावाहून पोती घेऊन आलेला शेतकरी जेवतो. यातला निम्मा लोंढा उद्या पुन्हा यायचा असतो. आज भात कच्चा राहिला तर उद्या त्याबद्दल ऐकून घ्यावं लागतं, आणि परवा तो माणूस पलीकडच्या खानावळीत दिसतो. स्वस्त आणि चांगलं जेवण शोधायचं असेल तर उद्याही येणारी माणसं कुठे जेवतात ते पाहावं, हा माझा पहिला आणि जवळजवळ शेवटचा नियम.

खानावळ नावाची संस्था उभी राहिली तीच या रोजच्या गिऱ्हाइकावर. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बिऱ्हाड गावी ठेवून एकटे राहत. त्यांना चाळीतल्याच कुणा बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवण लावावं लागे. पगार झाला की पैसे, तोवर उधारी. या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. त्याच शहरात माटुंग्याला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालत आलेलं. तिथेही ठरलेला मेनू, पंगत उठली की दुसरी पंगत. घोटीतल्या मेसमध्ये आजही महिन्याचे मेंबर असतात. प्रवाशाने त्यांच्या शेजारी बसून जेवायचं, म्हणजे त्यांच्या दटावणीचा फायदा आपल्याला फुकटात मिळतो.

आता थाळी स्वस्त कशी पडते ते पाहू, कारण स्वस्त म्हटलं की काही लोकांना लगेच भेसळीची शंका येते. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा तिचा हिशेब जाहीर केला होता: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. गिऱ्हाइकाने द्यायचे १० रुपये, पण केंद्रचालकाला मिळणारी रक्कम धरली होती शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये. वेळही ठरलेली होती, दुपारी बारा ते दोन. त्यानंतर तेल, डाळ, गॅस सगळंच वाढलंय, आणि १५० ग्रॅम भातात गिरणीतल्या हमालाचं काय होणार हा प्रश्न आहेच. पण त्या हिशेबावरून एक गोष्ट कळते: साधं जेवण मुळातच फार महाग नसतं. महाग असते ती निवड. दहा भाज्या तयार ठेवायच्या तर त्यातल्या चार रात्री टाकाव्या लागतात, आणि त्या टाकलेल्या चार भाज्यांचे पैसे उरलेल्या सहांच्या दरात बसतात. खानावळवाला सकाळी बाजारात जातो, त्या दिवशी स्वस्त असेल ते फ्लॉवर किंवा वांगं घेतो, एक रस्सा, एक सुकी भाजी करतो आणि दोनपर्यंत पातेली रिकामी करतो. एकोणीस किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर एकदाच मोठा टोप चढतो. दर ऑर्डरला वेगळी कढई तापत नाही.

म्हणून आत शिरल्यावर मेनूकार्ड मागू नये. "दादा, आज भाजी काय?" एवढं विचारावं. उत्तर झटकन आलं, "वांगं-बटाटा आणि मटकी," तर बसावं. वेटर "सब मिलेगा साहेब" म्हणाला तर थोडा विचार करावा.

घोटीत थाळीतला नीट पाहण्यासारखा जिन्नस म्हणजे भात. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खाचरं भाताची आहेत. जुलैत आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग पोती घोटीच्या गिरण्यांत. इथल्या दुकानांत इंद्रायणी घ्यायला नाशिकचीच नव्हे, मुंबईचीही माणसं थांबतात. ही जात मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राची, १९८७ ची. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेली. आंबेमोहोराचा वास आला, आयआर ८ चं उत्पन्न आलं, आणि शिजल्यावर मऊ, किंचित चिकट होण्याचा गुणही आला. हा चिकटपणा म्हणजे भात बिघडला असं समजणारे पाहुणे असतात. बासमतीची सवय झालेल्यांना मोकळं शीतच हवं असतं. इंद्रायणी वरणाबरोबर खायचा भात आहे. त्यावर साधं वरण, लिंबाची फोड आणि मिळालं तर चमचाभर तूप, की भाजीकडे लक्षही जात नाही.

पण प्रत्येक खानावळीत इंद्रायणी मिळेल अशी आशा धरू नये. हमालाला पोटभर आणि मोकळा भात लागतो, शिवाय रोज शेकडो ताटं वाढायची तर जुना तांदूळ परवडतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, फुगतो, तेवढ्याच तांदळात पातेलं अधिक भरतं. नवा तांदूळ पाणी कमी घेतो आणि हात जरा चुकला की गोळा होतो. त्यामुळे खानावळीत बहुधा कोलम किंवा तत्सम मोकळा भात असतो, आणि "इंद्रायणी राईस" अशी वेगळी ओळ जिथे फळ्यावर असते तिथे तो मागवून घ्यावा. पातेल्याचं झाकण काढल्यावर वाफेबरोबर वास येतो. नाही आला तर तो सकाळचा भात आहे. बाराच्या सुमाराला पोचलात तर वाढपी नव्या पातेल्यात पहिल्यांदा डाव घालताना दिसतो. वरचा थर बाजूला सारून तो मधला भात काढतो, ताटात टाकतो आणि डावाच्या पाठीने मध्ये खळगा करतो. त्या खळग्यात वरण. भाताची ही अवस्था पाऊण तास टिकते.

ताटातली दुसरी गंमत भूगोलाची आहे. घोटीच्या पश्चिमेला पावसाचा, भाताचा, नागली-वरईचा डोंगरी मुलूख, आणि पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर सिन्नरचा कोरडा, बाजरीचा. त्यामुळे इथे भात भरपूर मिळतोच, शिवाय थंडीत बाजरीची भाकरीही मिळते. चपाती आणि भाकरी दोन्ही असतील तर भाकरी मागावी, कारण भाकरी आधी करून ठेवता येत नाही. थापून तव्यावर टाकली की तिथल्या तिथे खायची वस्तू आहे ती. चपात्यांची चळत मात्र अकरापासून फडक्यात बांधलेली असते. रात्री ढाब्यांवर खानदेशाचा वारा येतो, शेवभाजी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा दिसू लागतो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि गरम मसाले एकत्र वाटून केलेला हा रस्सा दिसतो त्यापेक्षा तिखट असतो. पहिल्या घासानंतर पाणी पिऊ नये, भाकरी खावी.

सकाळी निघालेल्यांसाठी मिसळ आहेच. नाशिककडची मिसळ म्हणजे मटकीची उसळ, वर फरसाण, वेगळ्या भांड्यात रस्सा, पाव, पापड, कांदा-लिंबू आणि बऱ्याच ठिकाणी दही. नाशिकला गंगापूर रोडवर चुलीवरच्या मिसळीला रविवारी जत्रा भरते. तिथली मिसळ वाईट नाही, पण तासभर नंबर लावून मिळणारी मिसळ ही सहल झाली, प्रवासातला नाश्ता नव्हे. घोटीच्या पेठेत किंवा एसटी स्टँडच्या आसपास सकाळी आठला जी मिळते ती पाच मिनिटांत समोर येते. मिसळ स्वस्त राहते ती मटकीमुळे. भिजवून मोड आणले की मूठभर मटकीच्या दोन मुठी होतात. त्यात रस्सा पुन्हा मागितला तरी बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे लावत नाहीत. पाव तेवढे मोजले जातात.

वेळेचं महत्त्व प्रवासी लोक फार कमी ओळखतात. सकाळी अकरापर्यंत मिसळ-पोहे-भजी, बारा ते दोन थाळी, रात्री आठनंतर ढाबा. मधला दुपारी तीन ते सहाचा काळ हा जेवणाच्या दृष्टीने भाकड. या वेळात पूर्ण जेवण मागितलं की सकाळचं गरम करून मिळतं आणि दोष स्वयंपाक्याच्या माथी येतो. तेव्हा वडा खावा, चहा घ्यावा, पुढे जावं. वडा तळताना समोर दिसतो, लपवाछपवीला वाव नसतो.

वड्यावरून इगतपुरी स्टेशन आठवतं. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. चढ ३७ ला १ असा, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून कसाऱ्याला गाडीला ढकलायला मागे जादा इंजिनं लावतात आणि इगतपुरीला सोडवतात. त्या थांब्याने फलाटावरच्या वडेवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोसलं. खरं तर हे अडवलेलं गिऱ्हाईक. गाडी दोन-चार मिनिटांत सुटणार, काहीही खपावं. तरी तिथला वडा बऱ्यापैकी असतो, आणि याचं श्रेय मी पंचवटी एक्स्प्रेससारख्या गाड्यांनी रोज नाशिक-मुंबई करणाऱ्या पासवाल्यांना देतो. शिळा वडा दिला तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत बसलेला असतो.

महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलातच जायचं झालं, म्हणजे म्हातारी माणसं बरोबर आहेत, स्वच्छ बाथरूम हवंय, मुलांना पसरायला जागा हवीय, तर तिथेही नीट जेवता येतं. फक्त मेनूकार्ड कसं तयार होतं ते माहीत असावं. कार्डावर पनीरच्या वीस-पंचवीस भाज्या असतात, पण आत टोप तीन-चारच: टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजची पांढरी, कांद्याची पिवळी-तपकिरी, फार तर पालकाची हिरवी. त्यांच्या मिश्रणातून कार्डावरची नावं जन्माला येतात. चार माणसांनी चार वेगवेगळ्या पनीर भाज्या मागवल्या तर बहुधा दोनच चवी चार वाट्यांत खाल्ल्या जातात. त्यापेक्षा दाल तडका, जिरा राईस, तंदुरी रोटी आणि शेजारच्या टेबलावर सगळ्यात जास्त दिसते ती भाजी. ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर दाल दिवसभर खपत असते, म्हणून ती ताजी असते. कोपऱ्यातल्या चायनीजच्या पानाकडे घोटीत बघू नये, हे माझं वैयक्तिक मत; पटलं नाही तर सोडून द्यावं.

बिलाबद्दल दोन गोष्टी. एसीत बसलं की जीएसटी जास्त लागतो अशी समजूत अजून आहे. ती २०१७ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांपुरती खरी होती. तेव्हा बिगर-एसीला १२ आणि एसीला १८ टक्के होते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटांना सरसकट ५ टक्के झाला. एसी रूमचा भाजीचाच दर वेगळा छापलेला असेल तर तो मालकाचा, सरकारचा नव्हे. लहान हॉटेलं बऱ्याचदा कंपोझिशन योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. तेव्हा बिलावर जीएसटीची ओळ असेल तर वर जीएसटी नंबरही आहे ना ते पाहावं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ चे निर्देश आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पेठेतल्या खानावळीत यातलं काहीच उद्भवत नाही. गल्ल्यावरचे काका "दोन थाळी, एक ताक" असं तोंडी मोजतात.

हा रोजच्या गिऱ्हाइकाचा नियम घोटीपुरता नाही. इटलीतल्या कुठल्याही नावाजलेल्या शहरात चौकातल्या चर्चसमोर पाच भाषांतलं, फोटोंचं मेनूकार्ड लावलेली हॉटेलं असतात. दोन गल्ल्या आत दुपारी कचेरीतली आणि कामावरची माणसं ठरलेल्या दरात पास्ता, एक दुसरा पदार्थ आणि पाणी असं जेवताना दिसतात. कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायली तर एक दर आणि टेबलाशी बसून घेतली तर दुसरा. बसल्याबरोबर माणशी लागणारा 'कोपेर्तो' नावाचा आकार बिलात पाहून आपले लोक चक्रावतात, पण तो कार्डावर लिहिलेला असतो. दुपारी अडीच-तीनला बऱ्याच स्वयंपाकघरांची दारं लागतात ती संध्याकाळी सातपर्यंत, आपल्यासारखाच भाकड काळ. फ्रान्समध्ये तर ट्रकवाले कुठे जेवतात याचीच १९३४ पासून 'रुतिए' नावाची निशाणी झाली. लाल-निळ्या गोल पाटीच्या त्या जागांवर मोटारवालेही विश्वासाने थांबू लागले. आपल्याकडे पाटी नाही. ढाब्यासमोर उभ्या ट्रकांची रांग हीच पाटी, आणि त्यातही एकाच ट्रान्सपोर्टचे नव्हे, वेगवेगळ्या राज्यांचे नंबर दिसले तर उत्तम.

कळसूबाईला किंवा भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी घोटीत पोटभर जेवू नये, नाश्ता करावा. पुढे बारी गावात, १६४६ मीटरच्या त्या शिखराच्या पायथ्याशी, घरगुती जेवण मिळतं. मात्र चढायला लागण्याआधी सांगून ठेवावं लागतं. "मावशी, दुपारी सहा जणांचं करा, पिठलं-भाकरी," असं सांगून गेलं की उतरल्यावर गरम ताट मिळतं. न सांगता दोनला येऊन दारात उभं राहिलं तर त्या घरात फक्त घरच्यांपुरतं असतं, आणि ते आपल्याला वाढलं जातं याची लाज वाटायला हवी. नागलीची भाकरी आहे का ते विचारावं. खुरासणीची चटणी असेल तर तीही. काळपट, तेलकट, बियांच्या खमंग वासाची ही चटणी हॉटेलात सहसा मिळत नाही. पावसाच्या सुरुवातीला रानभाज्या असतात. कोवळा कुरडू परतून केलेला असेल तर बटाटा नको म्हणावं. पावसाळ्यात पाणी मात्र आपलं न्यावं किंवा उकळलेलं मागावं, आणि कुठेही खाताना वाफ येणारा पदार्थ आधी, आधीच चिरून ठेवलेलं कांदा-काकडी नंतर, किंवा नाहीच.

अलीकडे घोटीची वाट बदलली. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये खुला झाला तेव्हा मुंबईकडच्या गाड्या घोटीवरूनच भरवीरला जाऊन समृद्धीला लागायच्या. मार्च २०२४ मध्ये भरवीर ते इगतपुरी झाला, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा. आता शिर्डीची मोटार घोटीला न शिवता निघून जाऊ शकते. नाक्यावरच्या मोठ्या पाट्यांना याची झळ बसणं साहजिक आहे, कारण त्यांचं गिऱ्हाईकच ते. शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्या मात्र अजून सिन्नरच्याच रस्त्याने जातात. पेठेतल्या खानावळीचं गिऱ्हाईक समृद्धीवरून जाणारं कधी नव्हतंच. समृद्धीने जाणाऱ्यांनीही वेळ असेल तर इगतपुरीला खाली उतरावं, जुन्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर पुढे घोटीत यावं, गाडी बाहेर लावून पेठेत चालत जावं. बाजाराच्या दिवशी साडेबाराच्या आत. त्यानंतर बाकावर जागा मिळत नाही आणि दीडनंतर सुकी भाजी संपलेली असते.